टेकडीवरची भूकंपशाळा

जर्मनीतल्या ग्योटिंगेन शहराला भूकंपाची धास्ती अशी नव्हतीच. तरीही भूभौतिकीचे जगातले पहिले अध्यासन १८९८ मध्ये तिथल्याच विद्यापीठात सुरू झाले आणि ते एमिल वीखर्ट यांच्याकडे आले. पुढे तीन-चार वर्षांत गावाबाहेरच्या हाइनबर्ग टेकडीवर संस्थेची इमारत उभी राहिली.

वीखर्टना दूरचे भूकंप हवे होते. पृथ्वीच्या पोटात लोखंडाचा गाभा असावा, हा तर्क त्यांनी अध्यासनावर येण्याआधीच मांडला होता. पण तो तपासायचा, तर पृथ्वी आरपार छेदून आलेल्या लहरी पकडायला हव्यात. त्यासाठी त्यांनी टनभर वजनाचा, उलटा तोललेला लंबक घडवला. १९०४ मध्ये सतरा टनांचा दुसरा. कागदावर काजळी धरायची, तो फिरत्या नळकांड्यावर चढवायचा आणि सुईला त्यावर पांढरी रेघ ओढू द्यायची, अशी नोंदीची रीत. सॅन फ्रान्सिस्कोचा १९०६ चा हादरा इथे असाच उमटला.

या रेघा वाचण्याचे काम विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले. कार्ल त्स्योप्रित्स यांनी कुठली लहर किती अंतराला किती वेळ घेते, याचे आलेख बांधायला घेतले. पण १९०८ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी ते गेले. त्यांचे अर्धवट काम सहकाऱ्यांनी उचलले. त्यांपैकी लुडविग गायगर यांनी लहरी पोहोचण्याच्या वेळांवरून भूकंपाचे ठिकाण काढण्याची रीत बसवली. गणित-भौतिकी शिकायला आलेले बेनो गुटेनबर्ग वीखर्टांच्या वर्गात बसले आणि याच विषयाचे होऊन गेले. त्यांनी १९१४ मध्ये गाभ्याची सीमा २,९०० किलोमीटर खोल असल्याचे दाखवले. आजचा आकडा त्याहून दहाएक किलोमीटरनेच वेगळा आहे. गुरूच्या तर्काला शिष्याने माप दिले.

लुडगर मिन्ट्रोप खाणकामाच्या मोजणीतून आलेले. भूकंपाची वाट कशाला पाहायची, तो आपणच करू, असा त्यांचा खाक्या. १९०८ मध्ये संस्थेच्या आवारात चार टनांचा पोलादी गोळा चौदा मीटरवरून धाडकन खाली सोडला जाऊ लागला आणि त्याचे हादरे वाहून नेता येणाऱ्या यंत्रांवर टिपले गेले. त्याच विचारातून पुढे जमिनीत सुरुंग उडवून खडकांचे थर ओळखण्याची पद्धत निघाली. तिच्या पेटंटसाठी मिन्ट्रोप यांनी १९१९ मध्ये अर्ज केला, आणि १९२४ मध्ये त्यांच्या कंपनीच्या पथकाने टेक्ससमध्ये जमिनीखालचा मिठाचा घुमट शोधून दिला.

योगायोग असा, की त्स्योप्रित्स यांचा मागे राहिलेला एक लेखही १९१९ मध्येच छापून आला. दोन थरांच्या सीमेवर आदळलेली लहर किती परतते आणि किती पुढे जाते, याची समीकरणे त्यात आहेत. तेल आणि वायू शोधणाऱ्या कंपन्यांचे भूभौतिकतज्ज्ञ ती आजही त्यांच्याच नावाने वापरतात.