दवाखान्यात निघण्यापूर्वी

मंडळी, गावातून कोणी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात निघाला, की घरात केवढी धांदल उडते! भाड्याचे पैसे, भाकरीचे गाठोडे, चाळीतल्या मावसभावाचा पत्ता, देवापुढे नारळ. आणि डॉक्टरांनी 'काय होतंय?' म्हणून विचारले, की उत्तर एकच. 'अंग मोडून येतं, साहेब.' बस्स! केव्हापासून, कोणता काढा घेतला, हे सारे बाहेरच्या बाकावर येऊन बसल्यावर आठवते.

हा दोष एकट्या रोग्याचा नव्हे बरे का. अमेरिकेत बॉस्टन शहरी रिचर्ड कॅबट नावाचे डॉक्टर होते. विश्रांती घे म्हणून सांगावे, तर रोग्याच्या पोटाला रोजची मजुरी. दूध पी म्हणावे, तर घरात पैसा नाही! मग औषधाचा गुण यावा कसा? म्हणून १९०५ साली त्यांनी तिथल्या रुग्णालयात रोग्याचे घर नि कामधंदा समजून घेणारी बाई नेमली. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ सालीच एक बाई नेमली होती. पण फुकट उपचाराला कोण पात्र, हे पारखणे हेच तिचे मुख्य काम.

आता आपल्याकडे या. देवनार म्हटले, की मुंबईकराला कचऱ्याचे डोंगर नि कत्तलखाना आठवतो. पण तिथेच टाटा समाज विज्ञान संस्था आहे. १९३६ साली ती नागपाड्याला सुरू झाली, क्लिफर्ड मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. देवनारला ती आली १९५४ साली. रुग्णालयातल्या समाजकार्याचे शिक्षण तिथे पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले आहे. आपल्या देशात असे काम करणारी पहिली नेमणूक झाली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९४६ साली. म्हणजे रुग्णालय उघडले १८४५ मध्ये, आणि रोग्याच्या घरची विचारपूस करणारे माणूस तिथे आले शंभर वर्षांनी!

सरकारी रुग्णालयात या माणसाला 'समाजसेवा अधीक्षक' म्हणतात. पैशाची अडचण, मुक्कामाची पंचाईत, घरी सांगायची भीती, हे त्यांच्यापाशी बोलावे. डॉक्टरांपुढे जीभ अडखळते, तिथे ती सुटते.

गुरुजी, आपल्याकडे कोणी चिठ्ठी लिहून घ्यायला आले, तर नुसता पत्ता लिहून देऊ नका. दुखणे कधी सुरू झाले, वाढते कधी, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हेही लिहा. जुने कागद त्याच पिशवीत घालायला सांगा. आणि काढा घेतला असेल, तर डॉक्टर रागावतील म्हणून तो गाळू नका.