सयामी जुळी : दैनंदिन व्यवहार

एका फलित बीजाचे द्विभाजन विलंबाने होऊन अपुरे राहिल्यास परस्परांस जोडलेली जुळी जन्मास येतात, असे सामान्यतः मानले जाते. त्यांच्याविषयीचे लोकांचे कुतूहल बहुधा शस्त्रक्रियेपाशीच संपते. उठणे-बसणे, निजणे, अन्नार्जन यांचा प्रश्न मात्र त्या देहाबरोबर नित्य राहतो.

बंगळूरच्या स्पर्श रुग्णालयात डॉ. शरण पाटील यांच्या नेतृत्वाखाली ६ नोव्हेंबर २००७ रोजी आरंभ होऊन सुमारे २७ तास चाललेल्या शस्त्रक्रियेने बिहारमधील अररिया जिल्ह्यातील दोन वर्षांच्या लक्ष्मी तात्मा हिला तिच्या कटिभागाशी जोडलेल्या, मस्तकहीन व अपूर्ण वाढीच्या जुळ्या देहापासून मुक्त केले. वस्तुतः हा परोपजीवी जुळ्याचा प्रकार होय. चार हात, चार पाय असलेल्या त्या मुलीस देवीचा अवतार मानून लोक दर्शनास येत, आणि सर्कशीसाठी तिला विकत मागणारेही निघाले. तिला उभे राहता येत नव्हते आणि त्या निर्जीवप्राय देहाच्या मानेवर दाबाने व्रण झाला होता, याची दखल मात्र भाविकांनी फारशी घेतली असेल असे वाटत नाही.

विलग न होणाऱ्यांना सहजीवनाचा करारच करावा लागतो. सयाममध्ये १८११ साली जन्मलेल्या व पुढे अमेरिकेत शेतकरी म्हणून स्थायिक झालेल्या चँग आणि एंग यांनी दोन सख्ख्या बहिणींशी विवाह केल्यावर दोन घरे मांडली आणि तीन-तीन दिवस आळीपाळीने राहण्याचा रिवाज असा कसोशीने पाळला की ज्याचे घर त्याची मर्जी चाले व दुसरा मुकाट्याने तिचे पालन करी.

सरकारी दप्तरापुढील पेच याहून निराळा, कारण तेथे प्रथम शिरगणती करावी लागते. दोन हृदये, चार हात, पण पायांची एकच जोडी असलेले अमृतसरचे सोहना व मोहना २००३ साली जन्मले. पिंगलवाडा संस्थेने त्यांचा प्रतिपाळ केला. सज्ञान झाल्यावर दोघांस स्वतंत्र मतदार मानण्यात आले, आणि २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत एकाचे मत दुसऱ्यास दिसू नये म्हणून गॉगलची तजवीज करण्यात आली. पंजाबच्या वीज महामंडळाने २०२१ च्या अखेरीस दिलेली नोकरी मात्र सोहनाच्या नावे आहे. मोहना त्याला कामात साह्य करतो, आणि गैरहजर राहण्याची मुभा त्यालाही नाही.