उकिरड्यावरचा वैद्य

दोस्तहो, 21 जून आला की शाळेशाळेतून सतरंज्या अंथरल्या जातात. 2014 साली संयुक्त राष्ट्रांनी हा योगदिन ठरवला, 2015 पासून तो पाळतात. भाषण ठरलेलं असतं. पहाटे उठा, दातवण करा, तेल लावून आंघोळ करा, आसनं करा, बेतानं खा, ही ऋषिमुनींची देणगी आहे. आपल्यातला एक जण मान डोलावतो नि दुसरा म्हणतो, हे सगळं भटांचं, मला नको. दोघांनीही इतिहास विचारलेला नसतो. तो आपण विचारू.

राजगृहात सालवती नावाची गणिका होती. तिला मुलगा झाला, तो सुपात घालून उकिरड्यावर टाकला गेला. कावळे भोवती जमले होते. राजपुत्र अभयानं विचारलं, जिवंत आहे का? लोक म्हणाले, जिवंत आहे. म्हणून त्याचं नाव जीवक. हा उकिरड्यावरचा पोर तक्षशिलेला जाऊन सात वर्षं वैद्यक शिकला. गुरूनं परीक्षा घेतली : गावाभोवती योजनभर फिर आणि औषधी नाही अशी वनस्पती आण. जीवक रिकाम्या हातानं परतला. अशी वनस्पती त्याला सापडलीच नव्हती. तोच पुढं बुद्धाचा आणि संघाचा वैद्य झाला. विनयपिटकात ही हकिकत आहे.

आता ज्या सवयींची गोष्ट चाललीय त्या बघा. वैशालीला गोडधोड जेवणं खाऊन भिक्खू आजारी पडू लागले. जीवकानं बुद्धाला दोन गोष्टी सुचवल्या : चंक्रमण, म्हणजे रोजचं येरझाऱ्या घालत चालणं, आणि जंताघर, म्हणजे घाम काढायची उष्ण न्हाणी. बुद्धानं दोन्हींना परवानगी दिली. दातवणाचे पाच फायदे विनयात मोजलेत. पेजेचे दहा फायदे सांगितलेत : भूक-तहान भागते, वारा सरतो, पचन होतं. आपल्या आया ज्वारीची आंबील देतात ती पेजेचीच बहीण. हिरडा, बेहडा, आवळा, पिंपळी, मिरी ही औषधं म्हणून भिक्खूंना चालत. तूप, लोणी, तेल, मध, काकवी ही पाचही औषधंच. कोसलचा राजा प्रसेनजित तट्ट फुगेपर्यंत जेवायचा, त्याला बुद्धानं मोजून खायला शिकवलं.

सगळ्यात मोठी गोष्ट पुढंच आहे. एक भिक्खू हगवणीनं आपल्याच घाणीत पडला होता. कोणी जवळ जात नव्हतं. बुद्धानं आणि आनंदानं त्याला स्वतः धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला बजावलं, माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची करा. घाणीला हात लावणारा इथं श्रेष्ठ ठरला.

दुसऱ्या बाजूला काय होतं? तैत्तिरीय संहितेत अश्विनीकुमारांना सोमरस नाकारला जातो, कारण काय तर ते वैद्य, माणसांत फिरणारे, म्हणून अशुद्ध. मनुस्मृतीत वैद्याला श्राद्धाच्या पंगतीतून उठवलंय आणि त्याच्या घरच्या अन्नाला पू म्हटलंय. रोग्याला शिवणारा विटाळलेला, असा हा न्याय. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी 1977 च्या आपल्या ग्रंथात हे सगळं उकरून मांडलं. केनेथ झिस्क यांनी 1991 साली दाखवलं की आयुर्वेदाची घडण श्रमणांच्या, विशेषतः बौद्धांच्या विहारांत झाली. म्हणजे 25 डिसेंबर 1927 ला महाडला जे पुस्तक जाळलं, ते वैद्यालाही बाटगा ठरवणारं पुस्तक होतं!

हे सगळं दूर मगधातलंच आहे असं नाही. आपल्या मराठवाड्यात पितळखोऱ्याच्या लेण्यांत दात्यांची नावं आहेत. त्यात मगिल नावाचा राजवैद्य आहे, त्याच्या मुलामुलीचीही नावं आहेत, शिवाय पैठणच्या गंधिक कुळातला मितदेव आहे. कळंबहून जवळच तेर, जुनं तगर. तिथलं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह होतं. गावात चैत्य होता, तसा चंक्रमणाचा रस्ताही असणारच की!

मग हे हातातून गेलं कसं? चरकसंहिता वाचा. वनस्पतींची नावं नि रूपं शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी, रानात राहणारे जाणतात, असं ती कबूल करते. आयुर्वेद कोणी शिकावा म्हटलं की मात्र ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य. सुश्रुतात शूद्राला मंत्र नि उपनयन गाळून शिकवावं, असं काहींचं मत म्हणून येतं. ओळख आमच्याकडून घेतली आणि पोथी आमच्यासाठी बंद केली. योगाचंही तसंच. हठयोगाची मूळ मांडणी ज्या जुन्या ग्रंथात मिळते तो 'अमृतसिद्धि' अकराव्या शतकातला, आणि अभ्यासकांनी दाखवलंय की तो तांत्रिक बौद्धांच्या वर्तुळातला आहे.

आणि पोथीतली दिनचर्या कोणाला परवडत होती? आंघोळ करा म्हणे! विहीर बंद, तळं बंद. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. तूप खा म्हणे! जयपूर संस्थानातल्या चकवाड्यात तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्यानं आपल्या माणसांना जेवण दिलं, पंगतीत तूप वाढलं. शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्न नासलं, माणसांना झोडपलं. बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिभेद निर्मूलना'त ही हकिकत नोंदवलीय. बाळंतपण मात्र मांगवाड्यातल्या सुईणीनं करायचं. नाळ कापणारे हात चालले, त्या हातचं पाणी चाललं नाही.

आजही ब्राह्ममुहूर्तावर उठा हे ऊसतोडीच्या बाईला कोणी सांगायला नको, ती अंधारातच फडात असते. मांजरेपल्याड बीड जिल्ह्यात अशा बायांची गर्भाशयं सर्रास काढल्याचं 2019 साली उघडकीला आलं. तिच्यापुढं आसनांची यादी ठेवणं ही थट्टा आहे. तिला आधी पाणी, विश्रांती, पगारी रजा आणि चालू असलेलं प्राथमिक आरोग्य केंद्र पाहिजे.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, चाला, श्वासावर ध्यान ठेवा, बेतानं खा, दारू सोडा. हे कोणाच्या बापाचं नाही, यात तथागताचा वाटा आहे. पण कालामांना सांगितलेलं विसरू नका : पोथीत आहे, परंपरा आहे, गुरू बोलला, एवढ्यावर मानू नका, तपासा. क्षय, साप चावणं, अडलेलं बाळंतपण याला काढा नि आसन पुरत नाही, दवाखाना गाठा. बाबासाहेबांनी आपल्या मधुमेहावर डॉक्टरांचे उपचार घेतले होते.

21 जूनला सतरंजीवर जरूर बसा. भाषण झालं की उठून दोन प्रश्न विचारा : जीवक कोण होता? आणि आपल्या वस्तीच्या नळाला पाणी कधी येणार?

जयभीम!