न्यूझीलंडमधील कुटुंब-बैठक

न्यूझीलंडमध्ये विसाव्या शतकात सरकारी निवासगृहांत आणि परक्या घरांत ठेवलेल्या मुलांमध्ये माओरींचे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे, प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. मूल कुठे राहील हे न्यायालय आणि अधिकारी ठरवत. आजी-आजोबा, मामा, मावश्या, म्हणजे माओरी समाजात ज्यांच्यावर मुलाची जबाबदारी असते ते सगळे, या निर्णयाबाहेरच राहत.

1985 मध्ये समाजकल्याण मंत्री अ‍ॅन हर्कस यांनी खात्याच्या कामाकडे माओरी दृष्टीने पाहण्यासाठी माओरी ज्येष्ठ जॉन रांगिहाऊ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने माओरी सभागृहांत जाऊन लोकांचे म्हणणे ऐकले. ‘पुआओ-ते-आता-तू’ या तिच्या अहवालाने समाजकल्याण खात्यावर संस्थात्मक वंशवादाचा ठपका ठेवला. सरकारला स्वतःच नेमलेल्या समितीकडून असे ऐकावे लागणे विरळाच.

या अहवालानंतर मुलांविषयीच्या 1989 च्या कायद्याने कुटुंब-बैठक आणली. समन्वयक नातलगांना बोलावतो, व्यावसायिक माहिती देतात आणि मग खोलीबाहेर जातात. कुटुंब एकटेच चर्चा करून मुलासाठी योजना आखते. अधिकाऱ्याने बाहेर जाणे हाच या पद्धतीचा गाभा. पुढे इतर अनेक देशांनी ती उचलली, काहींनी जुजबीच.

मात्र योजनेला लागणारा पैसा आणि मनुष्यबळ खात्याच्याच हाती राहिले, आणि सरकारी देखभालीतील मुलांमध्ये माओरी मुलांचे प्रमाण चढेच राहिले. 2019 मध्ये हॉक्स बे येथे माओरी नवजात बाळ आईपासून काढून घेण्याच्या सरकारी प्रयत्नाने देशभर संताप उसळला. त्यानंतर माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइटांगी न्यायाधिकरणाने चौकशी केली आणि 2021 च्या अहवालात या व्यवस्थेत बदल घडवण्यासाठी माओरींच्या नेतृत्वाखाली संक्रमण प्राधिकरण नेमण्याची शिफारस केली.