मंडल सदृशीकरण व फलक अभिकल्प आज्ञावल्या

इलेक्ट्रॉनीय मंडल प्रत्यक्ष जोडण्यापूर्वी त्याचे वर्तन संगणकावर गणिताने पडताळून पाहणे म्हणजे मंडल सदृशीकरण आणि मंडलातील घटकांच्या जागा व त्यांना जोडणारे तांब्याचे मार्ग मुद्रित मंडल फलकावर आखणे म्हणजे फलक अभिकल्प होय. या कामांसाठी आज्ञावली निवडताना तांत्रिक गुणांइतकाच स्वामित्वाचा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो, हे त्यांच्या इतिहासावरून दिसून येते.

सुट्या घटकांचे मंडल पूर्वी फळीवर जोडून त्याची चाचणी घेत. संकलित मंडलाच्या बाबतीत ही रीत अपुरी पडली; कारण सिलिकॉनच्या चकतीवर तयार झालेला घटक मागाहून बदलता येत नाही. १९६०–७० या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या अनेक सदृशीकरण आज्ञावल्यांना संरक्षण खात्याचे साहाय्य होते व प्रारणाचा मंडलावरील परिणाम काढणे हा त्यांचा एक हेतू असे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रोनल्ड रोरर यांच्या विद्यार्थ्यांनी १९६९-७० मध्ये ‘कॅन्सर’ ही आज्ञावली रचली. प्रारणाचा विचार तीत वगळल्याचे तिच्या पूर्ण नावातच नमूद केलेले होते. आज्ञावली सर्वांना मुक्तपणे मिळाली पाहिजे, असा डॉनल्ड पीडरसन यांचा आग्रह होता. त्यानुसार लॉरेन्स नेगल यांनी ‘स्पाइस’ सिद्ध केली. १९७३ मध्ये ती कॅनडातील वॉटर्लू येथील परिषदेत मांडण्यात आली; ‘स्पाइस-२’ १९७५ मध्ये पूर्ण झाली.

स्पाइस किरखोफ यांच्या नियमांवरून समीकरणे मांडते आणि अरेषीय घटकांसाठी न्यूटन-रॅफसन पद्धतीने उत्तराच्या उत्तरोत्तर जवळ जाते. उत्तराची विश्वसनीयता घटकांच्या गणितीय प्रतिमानांवर अवलंबून असते. प्रतिमान सदोष असल्यास सुबक आलेखही दिशाभूल करतो. बर्कलीचे पदवीधर ही आज्ञावली उद्योगांत घेऊन गेले आणि तिच्यापासून ‘एचस्पाइस’, वैयक्तिक संगणकावरील ‘पीस्पाइस’ (१९८४) इ. व्यापारी रूपे निघाली.

फलक अभिकल्पाचा प्रवास मात्र बहुतांशी व्यापारी संस्थांकडून झाला. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात १९८५ मध्ये ‘प्रोटेल’ व जर्मनीत १९८८ मध्ये ‘ईगल’ या आज्ञावल्यांचा उदय झाला. ईगल २०१६ मध्ये ऑटोडेस्क या कंपनीकडे गेली आणि जून २०२६ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केला. ज्यांची वर्षानुवर्षांची रेखाटने एकाच आज्ञावलीच्या स्वरूपात साठवलेली असतात, त्यांना अशा निर्णयाची झळ बसते.

याउलट फ्रान्समधील झां-पीएर शारा यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या ‘कायकॅड’ची मूळ संहिता खुली आहे. यूरोपीय अणुकेंद्रीय संशोधन संस्थेने (सर्न) तिच्या विकासाला हातभार लावला. २०१८ मधील पाचव्या आवृत्तीत स्पाइसच्या परंपरेतील ‘एनजीस्पाइस’ तिला जोडण्यात आली. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील ‘ईसिम’ ही आज्ञावली याच दोन साधनांवर उभारलेली असून परवान्याचा खर्च न परवडणाऱ्या महाविद्यालयांना ती उपयुक्त आहे.

म्हणून निवड करताना पुढील गोष्टी तपासणे इष्ट ठरते : आवश्यक घटकांची प्रतिमाने मिळतात का, अरेषीय मंडलांची उत्तरे स्थिरावतात का, फलकाचे हवे तितके थर आखता येतात का आणि कारखान्याला लागणाऱ्या गर्बर स्वरूपात आराखडा देता येतो का. दीर्घायुषी यंत्रसामग्रीच्या बाबतीत आणखी एक कसोटी निर्णायक ठरते : मूळ कंपनी उरली नाही तरी दुरुस्ती करणाऱ्याला ते रेखाटन उघडता आले पाहिजे.