बॅटीचे मोल

वडनेर भोलजीसारख्या गावात टेनिस चेंडूवर खेळणारे पोर महागड्या बॅटीसाठी हटून बसले, तर एवढे पैसे कशाला, ही घरच्यांची शंका आम्हांस रास्त वाटते. इंग्लिश विलोच्या मऊ लाकडाचा गुण कातडी चेंडूवर दिसतो. टेनिस चेंडूला काश्मिरी विलो पुरतो.

मात्र बॅटीचे मोल लाकडापुरते नसते. १८९०च्या दशकात चर्मकार समाजातले बाळू पालवणकर पुण्याच्या युरोपियन क्लबात महिना चार रुपयांवर मैदान राखीत आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. त्यांच्या हाती चेंडू आला, बॅट नाही. फलंदाजी ही साहेबांची मिरास होती. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. विठ्ठल फलंदाज होते. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठीच्या अभ्यासकांनी अवश्य वाचावे.

म्हणून आम्ही म्हणतो, एका महागड्या बॅटीच्या पैशांत साध्या चार घ्याव्यात. नुसती गोलंदाजी करीत राहिलेल्या पोरालाही मग फलंदाजीचा डाव मिळेल.