मऊ बर्फ आणि रुंद फळी

जवाहरनगरात ‘पावडर’ हा शब्द उच्चारला की आधी बारूद आठवते. भंडारा आयुध निर्माणीची ही वसाहत. २४ जानेवारी २०२५ रोजी या कारखान्यात झालेल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले, तेव्हापासून तर हा शब्द जिभेवर सहज येत नाही. आज मला बोलायचं आहे ते मात्र एका वेगळ्या पावडरविषयी. पायाला लांब पट्ट्या बांधून हिमावरून घसरत जाणारे स्कीपटू ताज्या, भुसभुशीत हिमाला पावडर म्हणतात, आणि तिच्यासाठी नेहमीपेक्षा रुंद आणि वजनाला हलकी स्की निवडतात.

उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या भंडाऱ्याचा याच्याशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे. आपला कारखाना १९६४चा, चीनबरोबरच्या युद्धानंतरच्या धावपळीतला. गुलमर्गमधल्या लष्कराच्या बर्फशाळेला ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ हे नाव मिळालं १९६२च्या एप्रिलमध्ये, त्या युद्धाच्या सहा महिने आधी. एकाच काळजीची ही दोन अपत्यं. एक धानाच्या मुलखात वाढलं, दुसरं देवदारांच्या.

मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. गोळेवाल्याच्या रंध्याखालचाही बर्फ, आणि आभाळातून पडतो तोही बर्फ. शब्द फारसीतून आला आणि एकट्यानंच सगळी कामं करू लागला. काश्मिरीत पडणाऱ्या हिमाला ‘शीन’ असा वेगळा शब्द आहे, कारण तिथं फरक कळला नाही तर माणूस कमरेपर्यंत रुततो. एक घनमीटर पाणी हजार किलोचं. तेवढंच ताजं, कोरडं हिम पन्नास ते शंभर किलोचं. बाकी सारी हवा. त्या हवेवर पाय ठेवायचा आहे.

रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरलेल्यांना हे गणित समजावून सांगावं लागत नाही. उघडा पाय पोटरीपर्यंत जातो आणि तिथंच फळी टाकून उभं राहिलं तर माणूस वर राहतो. सामानासकट ऐंशी किलोचा माणूस धरा. नुसत्या बुटांवर उभा राहिला तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १६० ग्रॅम भार पडतो. १८० सेंटिमीटर लांब आणि ७ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की बांधल्या की तो बत्तीसेक ग्रॅमवर येतो. रुंदी ११ सेंटिमीटर केली की वीस. ढोबळ हिशेब आहे, कारण स्की टोकांशी वळलेली असते. पण मऊ हिमात बुडणं आणि तरंगणं यांतलं अंतर एवढंच असतं.

गंमत म्हणजे हा शोध आजच्या कंपन्यांचा नाही. स्वीडनमध्ये काल्वत्रास्क इथं सापडलेली स्की सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची आहे. ती साडेपंधरा सेंटिमीटर रुंद भरली. नॉर्वेत डिगरवार्डनच्या वितळत्या बर्फातून २०१४ मध्ये एक स्की निघाली आणि तब्बल सात वर्षांनी, २०२१ मध्ये, तिची जोडीदारीण. दोघी तेराशे वर्षं शेजारी शेजारी गोठून होत्या. त्यांची रुंदी सतरा सेंटिमीटरच्या आसपास. अल्ताई पर्वतातले शिकारी तर आजही रुंद फळ्या तासतात आणि खाली घोड्याचं कातडं लावतात, केस मागच्या दिशेला ठेवून. पुढं जाताना केस बसतात आणि चढावर मागं घसरू लागलं की उभे राहून अडवतात. आमच्यासारख्या शब्दांच्या कारागिराला हेवा वाटावा अशी ही युक्ती आहे. तिकडं फळीखाली घोड्याचं कातडं, तर काश्मिरी माणसानं बर्फासाठी भाताच्या तणसाचे जोडे वळले, ‘पुल्होर’. आपल्याकडं तणस जनावरांपुढं टाकतात.

मग स्की अरुंद झाली कशी? माणसानं बर्फच बदलला. युरोपात विसाव्या शतकात शर्यती आल्या. स्लॅलम, म्हणजे खुणांच्या काठ्यांमधून वळणं घेत उतरण्याची आधुनिक शर्यत, १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या म्युरेनला पहिल्यांदा घडवून आणली अर्नॉल्ड लन यांनी. या गृहस्थांचा जन्म १८८८चा आणि तो चक्क मद्रासचा! पुढं शर्यतींसाठी आणि पर्यटकांसाठी उतार यंत्रानं दाबून टणक करू लागले. टणक बर्फावर तरंगायचं नसतं, कडेनं कापत जायचं असतं; त्याला अरुंद पट्टी बरी. सहा-सात सेंटिमीटरचा मध्यभाग हाच नियम ठरून गेला.

तो मोडला ऑस्ट्रियाच्या रूपर्ट ह्यूबर यांनी. अटॉमिक कंपनीतल्या या माणसानं स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पायांखाली येणारी एकच रुंद फळी, मधोमध चिरली आणि तिची जोडी केली. त्यातून १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘पावडर प्लस’ ही स्की आली. पुढं शेन मॅकॉन्की या स्कीपटूनं पाण्यावरच्या स्की घालून अलास्काचा डोंगर उतरून पाहिला, आणि मध्ये टेकणारी, दोन्ही टोकं उचललेली ‘स्पॅट्युला’ जन्मली. शिकाऱ्यांना ठाऊक असलेली रुंदी अशी फिरून परत आली, या वेळी पेटंट आणि किंमत घेऊन.

आपल्याकडं गुलमर्गला ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये स्की क्लब काढला, तो हौसेपोटी. पण १ नोव्हेंबर १९४८ला जनरल थिमय्यांनी झोजी ला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढवले. रणगाड्याचा पट्टाही शेवटी भार पसरवणारी फळीच. पाठोपाठ डिसेंबरमध्ये त्यांनी गुलमर्गला आपल्या डिव्हिजनची स्की शाळा सुरू केली. आजच्या बर्फशाळेचं मूळ तिथं आहे. २००५ मध्ये गोंडोला अफरवटच्या अंगावर उंच पोचली, आणि तिथल्या न दाबलेल्या मऊ उतारांसाठी जगभरचे लोक येऊ लागले.

त्या गर्दीत आता मराठी मुलंमुलीही असतात, आणि भाड्याच्या दुकानात रुंद, रंगीत स्कीवर त्यांची नजर जाते. माझं मत विचाराल तर शिकणाऱ्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. खालच्या दाबलेल्या उतारावर ती सुस्त असते, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावते आणि गुडघे दुखवते. तिथं आठ-नऊ सेंटिमीटरचा मध्यभाग पुष्कळ झाला. साडेदहा ते बारा सेंटिमीटर घ्यायचे ते खरोखर मऊ हिमात जाणाऱ्यानं. हलकेपणाचंही तसंच. पावलोनियासारखं हलकं लाकूड आणि कार्बनचे धागे वापरून स्कीचं वजन पुष्कळ उतरवता येतं. पायाने चढणाऱ्याला त्याचा मोठा आधार: पावलामागे अर्धा किलो कमी झाला, तर पाच हजार पावलांत अडीच हजार किलो कमी ओढावे लागतात. गोंडोलात बसून वर जाणाऱ्याला हा फायदा कुठला? शिवाय दुपारी हिम जड झालं, इतरांच्या खुणांनी खडबडीत झालं, की हलकी स्की पाय इकडंतिकडं फेकते. वजनदार स्की तीच खरबड चिरत जाते.

रुंदी आणि वजन यांच्या आधी एक चौकशी मात्र करायला हवी. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला हिमकडा कोसळला आणि याच बर्फशाळेचे १७ जवान त्याखाली गेले. बर्फात कसं वावरायचं तेच शिकण्यासाठी ते तिथं आलेले होते. ज्या ताज्या हिमासाठी लोक रुंद स्की घेतात, त्याचाच थर साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरून सुटतो, आणि सुटलेल्या थरापुढं फळी सात सेंटिमीटरची असो की बाराची, सारखीच. म्हणून दुकानात गेल्यावर आधी त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा विचारावा; मग गाडलेल्या माणसाचा माग देणारं संदेशयंत्र, फावडं, बर्फात खुपसायची लांब काठी आणि ही तिन्ही वापरता येणारा सोबती आहे का ते पाहावं. स्कीचं माप त्यानंतर घ्यावं.